फाटकवालीचा भाऊ

आमच्या मामाजींना सिनेमाचं वावडं नव्हतं, सुनेनं सिनेमा पाहण्याचं होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. टॉकीजमध्ये नवा पौराणिक लागला की मामाजी स्वतः पहिल्याच आठवड्यात धोतर झटकून निघायचे आणि डोळे पुसत परत यायचे. पण घरातल्या बाईनं अंधारात बसून परक्या माणसांची तोंडं निरखायची, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी अमरावतीहून बी. ए. होऊन यवतमाळात सून म्हणून आले, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना छाती काढून सांगितलं होतं, "आमच्या घरी पोरीले कशाचीच मनाई नाही." खोटं नव्हते बोलले. मनाई करायला कुणीतरी आधी काही मागावं लागतं, आणि त्या घरात मागायची कुणाची टाप नव्हती.

साठ सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. आमचे हे कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. गावातल्या सात-आठ शिकलेल्या मंडळींनी मिळून एक फिल्म मंडळ काढलं, महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी सकाळी परदेशी सिनेमा दाखवायचा म्हणून. अध्यक्ष होते आमच्या शेजारचे वकीलसाहेब. कॉलेजचा प्रोजेक्टर चालवणं यांच्याकडे. रिळांचा पत्र्याचा डबा मुर्तिजापूरहून छोट्या गाडीनं यायचा, आणि ती गाडी कधी यायची ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं, त्यामुळे शनिवारी दुपारपासून ह्यांचा जीव स्टेशनावर. सिनेमा कॉलेजच्या लांब हॉलमध्ये. खिडक्यांना पडदे कुठले असायला? जिनिंगमधून कापसाच्या गाठींचं बारदान आणून ते दुहेरी करून ठोकलेलं. तरी फटींतून ऊन आत यायचं आणि पडद्यावरच्या बर्फाळ देशात यवतमाळचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडायचं. प्रोजेक्टर एकच होता. दर रिळाला थांबायचं, दिवे लावायचे, हे घाम पुसत नवं रीळ चढवायचे, तोवर पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी बोलून घ्यायचं.

सभासदांच्या घरच्या बायांनीही यावं असं मंडळानं ठरवलं, आणि एका रात्री जेवताना ह्यांनी भीत भीत विषय काढला. मामाजींनी वरणाचा भुरका मारला आणि विचारलं, "तू तं त्या मशीनपाशी उभा राह्यशीन. ही कोनापाशी बसन?"

"बायांची बाजू वेगळी आहे."

"एकटी?"

मामाजींनी वाद संपला अशा थाटात ताक मागितलं. आत्याबाई ताक वाढता वाढता म्हणाल्या, "मी जातो तिच्यासंगं."

मला अजून आठवतं, मामाजींच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. आत्याबाई आयुष्यात गावजत्रेपलीकडे कुठे गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख नाही, इंग्रजी तर दूरच. पण जाते म्हटल्यावर नाही म्हणायला कारण काय काढणार? मामाजी म्हणाले, "जा बाप्पा. पण काय दाखोलं थे मले संध्याकाळी सांगाचं."

त्या रविवारच्या दोन तासांचं मला काय होतं, ते आता कुणाला सांगून पटायचं नाही. चार वर्षं कॉलेजात इंग्रजी वाचलं होतं, आणि लग्नानंतर इंग्रजीचा एकच शब्द रोज माझ्या वाट्याला यायचा, तो म्हणजे चहाच्या डब्यावरचा. दुसरं कुणी जग पाहत असेल तर पाहो, मला निदान त्याचा आवाज ऐकायचा होता. मी त्या रविवारांवर जीव टाकत होते, अगदी भुकेल्यासारखी.

पहिल्या सिनेमाला आम्ही दोघी पुढून दुसऱ्या ओळीत बसलो. आत्याबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, देवळात बसतात तशा बसल्या. बोली कुठल्याशा थंड देशातली होती, खाली इंग्रजी अक्षरं. मी ती वाचायची आणि हळूच त्यांच्या कानात सांगायची. एक मुलगी भर लग्नातून निघून जाते, नदी पार करते आणि पुन्हा मागे वळून पाहत नाही, अशी गोष्ट. मी जशी होती तशी सांगितली. मला काय ठाऊक?

संध्याकाळी मामाजींनी विचारलं. आत्याबाईंनी सगळं सांगितलं, एक मणी न गाळता. "अन् मंग त्या पोरीनं मांडवातून पाय काढला, अन् गेली नदीपार. बाप बोंबलत राह्यला काठावर."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. खतम."

मामाजींनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "हे दाखोतेत काय तुमच्या मंडळात? आनखी एकदा असं काई दाखोलं तं तुमचं जानं बंद. दोघीचंही."

त्या रात्री मी ठरवलं की खरं बोलून माझं भलं होणार नाही. आत्याबाईंचा मला राग नव्हता. त्यांना खोटं बोलता यायचंच नाही अशी माझी समजूत होती. त्या जे ऐकतील तेच सांगतील; मग त्यांनी काय ऐकायचं ते मी पाहीन. झालं, त्या दिवसापासून मी बिनपगारी सेन्सॉर झाले.

पुढच्या सिनेमात एक दारुडा होता, त्याला मी पोटदुखीचा रोगी केला. बाटलीतून औषध घेतो म्हटलं. एक नाचणारी होती, तिला शाळेत कवायत शिकवणारी बाई केली. आत्याबाई म्हणाल्या, "कपडे लय तोकडे हायेत वं तिचे." मी म्हटलं, कवायतीला तसेच लागतात. संध्याकाळी मामाजींना रोग्याची कीव आली आणि मास्तरणीचं कौतुक वाटलं. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

पण माझं कुजबुजणं मागच्या ओळीत ऐकू जायचं. डॉक्टरांच्या बायकोनं आधी कान पुढे केला, मग खुर्ची. पोस्टमास्तरणीनं तर सरळ सांगितलं, "जराशी मोठ्यानं सांगत जा नं बाई, आमालेबी." वकीलसाहेबांची बायको शिकलेली होती, पण मराठी चौथीपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या सिनेमापर्यंत बायांची सगळी बाजू माझ्याभोवती गोळा व्हायला लागली. रीळ बदलायला दिवे लागले की माझं कीर्तन सुरू. आता इतक्या बायांसमोर एकीला खोटं आणि बाकीच्यांना खरं कसं सांगणार? सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची, माझी. पलीकडे पुरुष गंभीर तोंडं करून खालची अक्षरं वाचत बसायचे. मधल्या वाटेच्या अलीकडे एक सिनेमा चालायचा आणि पलीकडे दुसरा.

आणि मग तो फाटकवालीचा सिनेमा आला.

एक रेल्वेचं फाटक. आजूबाजूला माळरान, दूरवर वस्ती नाही. फाटकवाला वयानं थोराड, घुम्या. त्याची बायको तरणी. गाडी आली की तो फाटक पाडतो, गेली की उचलतो, घरात येऊन जेवतो, झोपतो. तिच्याशी एक शब्द नाही. आणि महिन्यातून एकदा स्टेशनांची घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस येतो, हसरा, बोलका. पहिल्याच नजरेत मला कळलं की ही बाई याच्याबरोबर जाणार. कानाशी आत्याबाईंचा प्रश्न हजर. "थो कोन होय वं?"

"भाऊ आहे तिचा," मी म्हटलं.

एकदा भाऊ म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं, हो. भाऊ मुळाला आला होता! म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला. खाली अक्षरं आली, मला इथून घेऊन जा. मी सांगितलं, ती म्हणते, या दिवाळीला तरी मला ने. नवऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. मी सांगितलं, तो पाठवायला तयार नाही. बायांच्या बाजूनं एक उसासा गेला. दिवे लागल्यावर पोस्टमास्तरीण म्हणाली, "मेले सारे सारखेच. माह्याच्यानंही तीन साल पाठोलं नव्हतं."

तिसऱ्या रिळात ती दोघं घड्याळाच्या खाली उभी, तोंडाजवळ तोंड. पण देवाची कृपा, तिथे कुणीतरी कात्री चालवली होती. पडद्यानं एक गचका खाल्ला आणि दोघं एकदम दोन टोकांना. "हे काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फिल्म तुटली मध्ये. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिनं पुसलं."

वकिलीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा भाऊ बैतूलला होता आणि पाच वर्षांत आला नव्हता. शेवटी घड्याळवाला आणि ती गाडीत बसून जातात आणि नवरा आपल्या हातानं त्याच गाडीसाठी फाटक पाडतो. बायांच्या बाजूला नाकं ओढायचा आवाज येत होता. मी स्वतः रडत होते, आता ती खरी गोष्ट ऐकून की माझी, कोण जाणे.

संध्याकाळी आत्याबाईंनी मामाजींना भाऊ-बहिणीची गोष्ट सांगितली. मामाजी मान डोलवत म्हणाले, "चांगला हाय. असे दाखोले पाह्यजे." मी चुलीपुढे बसून हसू दाबत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मला त्या दिवशी चांदण्याची भीती नव्हती. निर्लज्ज झाले होते मी.

चार-पाच दिवसांत ते गावभर झालं. बाया विहिरीवर, मंदिरात, हळदीकुंकवाला फाटकवालीच्या भावाची गोष्ट सांगायला लागल्या, आणि ती ऐकून घरातले पुरुष म्हणायला लागले, कसला भाऊ? डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते म्हणे. डॉक्टरांनी तिला सांगितलं, तुला सिनेमा समजत नाही. ती म्हणाली, तुमचं मनच वाईट. मला हे एकेक कानावर येत होतं आणि माझी झोप उडत होती. कुणीतरी मामाजींपर्यंत हे नेणार, हे दिसतच होतं.

नेलं ते वकीलसाहेबांनी. पुढच्या रविवारी दुपारी चारला मामाजी बैठकीत पान लावत बसले होते, तेव्हा ते आले ते तावातावानंच. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आणि आत्याबाई माझ्या मागे, आडोशाला.

"आता तुम्हीच न्याय करा," वकीलसाहेब मामाजींना म्हणाले. "घरात आठ दिवस झाले भांडण सुरू आहे. मंडळाचा अध्यक्ष मी, सिनेमा मी मागवला, आणि बायको मलाच सांगते की तो घड्याळवाला त्या बाईचा भाऊ होता म्हणून. अहो, भाऊ कसला? सरळ यार होता तिचा. नवऱ्याला सोडून पळून गेली ती. गाजलेला सिनेमा आहे." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "सूनबाई बी. ए. आहेत. सूनबाई, तुम्हीच सांगा. कोण होता तो?"

मामाजींनी पान तोंडात घातलं नाही. हातातच धरून माझ्याकडे पाहत राहिले. यार म्हणाले तर मी महिनोन्‌महिने खोटं बोलले हे उघड, आणि रविवार गेले ते गेलेच. भाऊ म्हणाले तर समोरचा माणूस वकील, त्यानं अक्षर न्‌ अक्षर वाचलेलं. कप बशीत खुळखुळायला लागले. मला दुसरं काही नाही, एवढंच वाटत होतं की आता ते अंधारातले दोन तास संपले आणि मी जन्मभर त्या चहाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचत बसणार.

तेवढ्यात मागून आवाज आला. आत्याबाई बैठकीत परपुरुषासमोर कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दाराच्या चौकटीला धरून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बोलल्या. "वकीलसायेब, जातानी त्या बाईनं काय केलं थे पाह्यलं काय तुमी?"

वकीलसाहेब गडबडले. "काय केलं? पेटी घेतली आणि गेली, वहिनी."

"त्याच्या आंधी. चुलीवर गंज ठेवला, त्यात कायतरी रांधलं, खाली उतरोलं, झाकन ठेवलं. झाकनावर फडकं टाकलं, गार नाई झालं पाह्यजे म्हनून. पाव कापून ठेवला. मंग गेली. पाह्यलं काय?"

"असेल पातेलं, पण..."

"असेल नाई, होतं. पळून जानारी बाई नवऱ्याचा सैपाक झाकून जाते काय? माहेरी जानारी ठेवते झाकून. चार दिसानं वापस याचं असते नं तिले." आणि मामाजींकडे न पाहता त्यांनी पुढे जोडलं, "इंग्रजी तुमाले येते जी. गंज आमालेच समजते."

मामाजी आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले. "हारले वकीलसायेब तुमी. घ्या, चहा घ्या." आणि मला म्हणाले, "ठेव नं तो ट्रे. काहून थरथरून राह्यली?"

वकीलसाहेब गेले, मामाजी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभे राहून हा निकाल पुन्हा एकदा ऐकवू लागले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो. आत्याबाईंनी चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. मी समोर बसले. खोटं जिंकलं होतं, पण ते मला सोसेना. या बाईनं माझ्यासाठी बैठकीत तोंड उघडलं, आणि तेही मी सांगितलेल्या थापेवर विश्वास ठेवून.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तो तिचा भाऊ नव्हता."

"मले डोये नाईत काय वं?" त्या पिठात पाणी घालत म्हणाल्या. "मले दोन भाऊ हायेत. भाऊ बहिनीकडे असा पाह्यते काय?"

"मग त्या दारुड्याचं... कवायतीचं..."

"कवायत म्हने." त्या हसल्या. "लोकायच्या सुना खोटं बोल्तेत तं जरा बरं तरी बोल्तेत."

मीही हसले, आणि हसता हसता रडले, लाज वाटली म्हणून. मग म्हटलं, "पण ते सैपाकाचं मलाही पटलं होतं, आत्याबाई. मी अक्षरं वाचत होते, तो गंज मी पाहिलाच नाही. पळून जाणारी बाई खरंच कशाला झाकून ठेवेल?"

आत्याबाईंचे हात पिठात थांबले.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "पळून जानारीबी ठेवते. म्या ठेवलतं."

बाहेर मामाजींचं हसू ऐकू येत होतं. आत्याबाई आवाज न वाढवता, न पाडता सांगत गेल्या. "तुहा नवरा तवा झाला नव्हता. घाटंजीकडच्या वावरात राहत होतो आमी. वांग्याची भाजी केली, भाकरी टोपल्यात झाकल्या अन्‌ निंगाली. नाल्यापरेंत गेली. तिकून केळापूरचा रस्ता, माहा माहेरचा. पण भावायनं दुसऱ्या दिशी वापस आनून घातली असती. अन्‌ दुसरं कोठी जाचं थे मले मायीतच नव्हतं. नाल्यात पाय धुतले अन्‌ वापस आली. भाजी गरमच होती. कोनाले समजलं नाई."

"का निघाला होता तुम्ही?"

"थे सोड." त्यांनी पीठ पुन्हा मळायला घेतलं. "पुढच्या खेपेपासून मले खरं सांगत जाय. त्याइले काय सांगाचं थे मी पाह्यतो."

"बरं, आत्याबाई."

त्यांनी पहिला उंडा केला, परातीत ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "थे फाटकवाली. गाडीत बसली, अन्‌ मंग सिनेमा खतम झाला. खाली काय लिवलं होतं का काई? वापस तं नाई आली नं थे?"

"नाही, आत्याबाई. परत नाही आली."

"बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या, आणि मामाजींसाठी पहिली भाकरी थापायला घेतली.